टायरमधील बिनतारी पहारेकरी
पिकअप ट्रकांच्या चाकांची अदलाबदल आणि तीतून उद्भवणारे प्रश्न

मोटारीचे चाक ही वरवर पाहता अगदी साधी वस्तू होय. लोखंडाची अथवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम, तिच्यावर चढविलेला टायर, आत कोंडलेली हवा आणि ती हवा अडवून धरणारी झडप, एवढाच तिचा पसारा. एका गाडीचे चाक काढून त्याच मापाच्या दुसऱ्या गाडीस लावले तर त्यात अडचण ती कसली येणार, असे कोणासही वाटेल. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात ह्या प्रश्नाचे उत्तर तितकेच सोपे होते. भोके जुळली, रिम आसावर नीट बसली, नट आवळले की काम झाले. आता मात्र चाकाच्या पोटात एक लहानसे विद्युत्‌यंत्र बसलेले असते, आणि ते आपल्या गाडीशी ठरावीक भाषेत बोलत असते. चाक दुसऱ्या गाडीस लावले म्हणजे ही भाषा त्या गाडीस समजेलच, अशी खात्री देता येत नाही.

ह्या अडचणीचा अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फार मोठ्या प्रमाणावर येतो. पुढे बसण्याची जागा आणि मागे उघडा हौदा अशा घडणीचा पिकअप ट्रक हे तेथील शेतकऱ्याचे, सुताराचे, गवंड्याचे आणि हौशी प्रवाशाचेही आवडते वाहन आहे. मोठी किंवा अधिक देखणी चाके हवीत म्हणून, किंवा हिवाळ्यात बर्फावर चालणारे निराळे टायर हवेत म्हणून, तेथील लोक जुन्या ट्रकाची चाके नव्यास आणि नव्याची जुन्यास लावीत असतात. अशा अदलाबदलीत काय घडते, हे एका उदाहरणाने पाहावे.

विझत नाही असा दिवा

समजा, एका गृहस्थाजवळ २०१६ साली बनलेला शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५०० हा ट्रक आहे. त्याने २०२० साली बनलेल्या नव्या पिढीच्या सिल्व्हरॅडो १५०० ची चार चाके टायरांसह विकत घेतली. दोन्ही ट्रकांच्या चाकांना सहा भोके आहेत. ती भोके ज्या वर्तुळावर पाडलेली असतात, त्याचा व्यास दोहोंतही १३९.७ मिलिमीटर आहे. मधले मोठे भोक ७८.१ मिलिमीटरचे आहे. नटांचे आटेही सारखेच आहेत. चाके सहज बसली, नट आवळले गेले, टायरांत योग्य दाबाची हवा भरली गेली.

गृहस्थ ट्रक घेऊन निघाला. काही मिनिटांनी त्याच्या समोरील फलकावर घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्यात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लुकलुकू लागला. मिनिट-सव्वा मिनिट लुकलुकून तो स्थिर झाला, आणि तसाच पेटलेला राहिला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तरी तोच प्रकार. त्याने हवा तपासली, ती बरोबर होती. मग दिवा कशासाठी?

ह्या दिव्याचा अर्थ समजण्यासाठी तो गाडीत आला कसा आणि चाकाच्या आत काय चालते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

हवेचा दाब आणि टायरचे आयुष्य

हवेने भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्या स्कॉटिश संशोधकाने १८४५ साली नोंदविली. पण ती व्यवहारात रूढ झाली ती जॉन बॉइड डनलॉप ह्याने १८८८ साली बेलफास्ट येथे आपला टायर पुढे आणल्यानंतर. तेव्हापासून एक गोष्ट कायम आहे. गाडीचा भार मुख्यतः रबर पेलीत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. रबर आणि त्यातील दोऱ्यांचे व तारांचे थर हे त्या हवेला धरून ठेवणारे भांडे होय.

ह्याचा हिशेब सोपा आहे. एका चाकावर सुमारे ६०० किलोग्रॅम, म्हणजे सुमारे १,३२० पौंड भार पडतो असे धरू. टायरमध्ये दर चौरस इंचास ३५ पौंड दाब असेल, तर तो भार पेलण्यासाठी टायरचा सुमारे ३८ चौरस इंच भाग रस्त्याला टेकावा लागेल. दाब २६ पौंडांवर आला, तर टेकणारा भाग सुमारे ५१ चौरस इंच व्हावा लागेल. टायरच्या भिंतींचा ताठपणाही थोडा भार घेतो, म्हणून हे आकडे ठोकळ समजावे. पण त्यांतील बोध खरा आहे. दाब कमी झाला की टायर अधिक चपटा होतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच्या भिंती अधिक वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. असे वाकताना रबर जी ऊर्जा घेते, ती सर्वच्या सर्व परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. दर मिनिटाला शेकडो वेळा हे घडले की टायर तापतो, थरांना जोडणारे रबर दुबळे होते, आणि शेवटी पट्टा सुटून टायर फाटण्याची वेळ येते. भरधाव गाडीच्या बाबतीत ह्याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको.

वाईट एवढेच की दाब हळूहळू उतरत असता तो नजरेस येत नाही. आजच्या रुंद टायरचा दाब चौथ्या हिश्शाने कमी झाला तरी नुसते पाहून तो ओळखणे कठीण जाते.

कायदा कसा झाला

९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन ह्या टायर-उत्पादक कंपनीने अमेरिकेतील ६५ लक्ष टायर परत मागविण्याची घोषणा केली. त्यांतील पुष्कळसे टायर फोर्ड एक्सप्लोरर ह्या गाडीवर बसविलेले होते. धावत्या गाडीत टायरचा पट्टा सुटून गाडी उलटल्याच्या घटनांत अडीचशेहून अधिक माणसे दगावल्याचे सरकारी चौकशीत नमूद झाले. दोष टायरच्या घडणीचा किती, गाडीचा किती आणि कमी दाबाचा किती, ह्यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. परंतु कमी दाब आणि उष्णता ह्यांमुळे टायरवरील संकट वाढते, ह्याबद्दल दुमत नव्हते.

त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी ह्या विषयीचा कायदा अमलात आला, आणि टायरचा दाब घटल्यास चालकास इशारा देणारी यंत्रणा गाडीत असावी, असे त्यात ठरले. पहिला नियम २००२ साली निघाला. एकाच टायरचा दाब कमी झाला तरच इशारा देणारी यंत्रणा चालेल, अशी जी सवलत त्यात होती, ती न्यायालयाने २००३ साली अमान्य केली. कारण चारही टायरांतील हवा सारखीच उतरली तर अशी यंत्रणा गप्प राहू शकते. सुधारलेला नियम २००५ साली झाला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून १०,००० पौंडांपर्यंत एकूण भारक्षमता असलेल्या सर्व नव्या हलक्या गाड्यांना तो लागू झाला. एकाच आसावर जोडचाके असलेली वाहने त्यातून वगळली आहेत.

नियमाचा गाभा असा आहे : गाडीच्या दारावरील पट्टीवर जो दाब लिहिलेला असतो, त्याहून कोणत्याही टायरचा दाब २५ टक्क्यांनी खाली गेला, तर वीस मिनिटांच्या आत दिवा पेटला पाहिजे. यंत्रणाच बिघडली, तर तेही चालकास कळले पाहिजे. बहुतेक गाड्यांत दोन्ही कामांसाठी एकच दिवा वापरतात. नुसता पेटलेला दिवा म्हणजे हवा कमी. एक ते दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झालेला दिवा म्हणजे यंत्रणेत दोष.

आपल्या उदाहरणातील गृहस्थाचा दिवा दुसऱ्या प्रकारचा होता. त्याचा ट्रक सांगत होता : "टायरांत हवा किती आहे, ते मला कळत नाही."

चाकाच्या पोटातील यंत्र

दाबावर लक्ष ठेवण्याच्या रीती दोन आहेत. पहिली अप्रत्यक्ष रीत होय. दाब कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित कमी होते, म्हणून ते इतर चाकांपेक्षा जरा अधिक वेगाने फिरते. ब्रेक लावताना चाक घसरू नये म्हणून गाडीत चाकांचा वेग मोजण्याची जी सोय असते, तिच्याच साह्याने हा फरक टिपतात. ह्या रीतीत चाकाच्या आत काहीच नसते, त्यामुळे चाके बदलली तरी भाषेचा प्रश्न येत नाही. यंत्रणेला नव्या चाकांचे वेग पुन्हा शिकवावे लागतात, इतकेच.

दुसरी रीत प्रत्यक्ष मोजणीची आहे, आणि अमेरिकेतील पिकअप ट्रकांत सर्रास तीच आढळते. तीत प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा हवेच्या झडपेच्याच बुडाशी, एक संवेदक बसविलेला असतो. त्याचे वजन सुमारे ३० ग्रॅम असते. त्यात सिलिकनचा एक अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने हा पडदा वाकतो, आणि त्यावर कोरलेल्या वाहकांचा विद्युत्‌रोध बदलतो. ह्या बदलावरून दाब कळतो. जवळच तापमान मोजणारा भाग, लहानसा संगणक, बिनतारी प्रेषक आणि नाण्याच्या आकाराचा लिथियमचा विद्युत्‌घट असतो. ओलावा व हादरे ह्यांपासून बचाव व्हावा म्हणून हे सर्व एका घट्ट लेपात गाडून टाकलेले असते. त्यामुळे घट संपला म्हणजे तो बदलता येत नाही, सबंध संवेदकच बदलावा लागतो. घटाचे आयुष्य साधारणपणे पाच ते दहा वर्षांचे असते.

ह्या चिमुकल्या यंत्रास काय सोसावे लागते, त्याचा अंदाज गणिताने येतो. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात आहे, आणि टायरची त्रिज्या ४० सेंटिमीटर आहे. चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे करील. आसापासून २२ सेंटिमीटर अंतरावरील संवेदकावर त्या वेळी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०८ पट त्वरण असते. म्हणजे ३० ग्रॅमचा संवेदक आपल्या बैठकीवर सव्वातीन किलोग्रॅमच्या वजनासारखा रेटत असतो.

ह्याच जोराचा उपयोग संवेदक आणखी एका कामासाठी करतो. त्वरण जाणवले की गाडी चालू झाली, हे तो ओळखतो आणि साधारणतः मिनिटास एक ह्या प्रमाणात संदेश पाठवू लागतो. गाडी उभी असताना तो जवळजवळ झोपलेला असतो. घट इतकी वर्षे टिकतो तो ह्याच काटकसरीमुळे.

भाषा कोठे अडते

संदेशातील मजकूर थोडका असतो : संवेदकाचा स्वतःचा ओळखक्रमांक, दाब, तापमान, घटाची स्थिती, आणि संदेश वाटेत बिघडला नाही ना हे पडताळण्यासाठी एक ताळ्याचा आकडा. हा मजकूर सेकंदाच्या एका लहानशा अंशात पाठवून होतो. तो गाडीस समजण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट कंप्रता, म्हणजे रेडिओ-तरंगांची दर सेकंदास होणारी कंपने. अमेरिकेत बिकणाऱ्या गाड्यांत दोन कंप्रता आढळतात, ३१५ मेगाहर्ट्झ आणि सुमारे ४३४ मेगाहर्ट्झ. युरोपात दुसरीच रूढ आहे. पहिल्या तरंगाची लांबी सुमारे ९५ सेंटिमीटर आणि दुसऱ्याची सुमारे ६९ सेंटिमीटर असते. गाडीतील ग्राहक ह्यांपैकी एकाच कंप्रतेशी जुळविलेला असतो. घरातील रेडिओचा काटा एका केंद्रावर असता दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की गाडीतील ग्राहकास फिरविण्याचा काटाच नसतो.

आपल्या उदाहरणातील कोडे येथे सुटते. २०१४ ते २०१८ ह्या काळातील सिल्व्हरॅडो १५०० मध्ये ३१५ मेगाहर्ट्झचे संवेदक असत. २०१९ साली आलेल्या नव्या पिढीत ते ४३३.९२ मेगाहर्ट्झचे झाले. चाकाची मापे तीच राहिली, भाषा मात्र बदलली. नव्या चाकांतील चारही संवेदक उत्तम स्थितीत होते आणि नेमाने संदेश पाठवीत होते. जुन्या ट्रकाच्या कानी त्यांतील एकही पडत नव्हता. अशा वेळी नुसत्या सालावर विसंबूनही चालत नाही. २०१९ साली नव्या पिढीबरोबरच जुन्या घडणीचा सिल्व्हरॅडोही विकला जात होता. म्हणून संवेदकावरील कंप्रता आणि भागक्रमांक प्रत्यक्ष पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय.

दुसरी गोष्ट संदेशाची रचना. कंप्रता एकच असूनही एका कंपनीचा संवेदक प्रथम ओळखक्रमांक आणि मग दाब सांगत असेल, तर दुसऱ्या कंपनीचा निराळा क्रम पाळीत असेल. तरंगावर आकडे चढविण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. मराठी व कानडी माणसे एकाच दूरध्वनीवर बोलू लागली तर आवाज पोहोचेल, अर्थ पोहोचणार नाही. तसेच येथे होते.

तिसरी गोष्ट ओळख. चौकात दिव्यापाशी शेजारी उभ्या असलेल्या ट्रकाचे संदेशही आपल्या ग्राहकापर्यंत येऊ शकतात. शेजाऱ्याच्या टायरची हवा गेली म्हणून आपला दिवा पेटू नये, ह्यासाठी प्रत्येक संवेदकास निराळा ओळखक्रमांक दिलेला असतो, आणि गाडीच्या संगणकात आपल्या चार संवेदकांचे क्रमांक नोंदलेले असतात. इतर क्रमांक तो सोडून देतो. त्यामुळे कंप्रता आणि रचना दोन्ही जुळणारी चाके लावली, तरी त्यांची ओळख करून दिल्यावाचून गाडी त्यांना परकीच समजते.

ओळख करून देण्याचा विधी

ही ओळख करून देण्याच्या पद्धती कंपनीगणिक निराळ्या आहेत. सिल्व्हरॅडोसारख्या ट्रकांत चालक प्रथम गाडीस शिकण्याच्या अवस्थेत आणतो. तेव्हा भोंगा दोनदा वाजतो. मग हातात धरावयाचे एक लहान उपकरण पुढील डाव्या चाकाच्या झडपेजवळ नेतात. हे उपकरण १२५ किलोहर्ट्झ इतक्या अल्प कंप्रतेचा इशारा देऊन झोपलेल्या संवेदकास जागे करते. तो आपला क्रमांक सांगतो, आणि नोंद झाली म्हणजे भोंगा एकदा वाजतो. त्यानंतर पुढील उजवे, मागील उजवे आणि शेवटी मागील डावे चाक, असा क्रम पाळावयाचा असतो. पहिल्या चाकासाठी दोन मिनिटे आणि चारही चाकांसाठी पाच मिनिटे मुदत असते. तीत काम न झाल्यास पुन्हा आरंभ करावा लागतो.

क्रमास येथे महत्त्व आहे. "हा क्रमांक पुढील डाव्या चाकाचा" असे गाडी ह्या क्रमावरूनच समजते. टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाके मागे नेली आणि ओळखीचा विधी पुन्हा केला नाही, तर फलकावर दाब बरोबर दिसतील, पण चाके चुकीची दिसतील. काही नव्या गाड्या चाकाच्या फिरण्यावरून जागा आपोआप ओळखतात. टोयोटाच्या अनेक गाड्यांत उलट अधिक खटाटोप असतो. तेथे ओळखक्रमांक तपासणी-जोडणीतून उपकरणाने गाडीच्या संगणकात लिहावे लागतात.

आधी लोखंड जुळले पाहिजे

संवेदकाची चिंता करण्यापूर्वी चाक मुळात बसते की नाही, हे पाहणे अर्थात आवश्यक आहे. फोर्ड एफ-१५० ह्या ट्रकाच्या २००४ पासूनच्या चाकांनाही सहाच भोके आहेत. पण त्यांचे वर्तुळ १३५ मिलिमीटरचे आहे. सिल्व्हरॅडोच्या वर्तुळाशी फरक पाच मिलिमीटरांहूनही कमी, तरी ही चाके परस्परांस लावता येत नाहीत. २००२ ते २०१८ मधील रॅम १५०० च्या चाकांचे वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचेच, पण भोके पाच. २०१९ च्या नव्या पिढीत ती सहा झाली. टोयोटा टॅकोमाचे वर्तुळ आणि भोके सिल्व्हरॅडोसारखीच. पण तिच्या चाकाचे मधले भोक सुमारे १०६ मिलिमीटरचे, म्हणून ते सिल्व्हरॅडोच्या आसावर सैल बसते. ह्याखेरीज रिमचा आत-बाहेरचा सरकाव, नटांचे आटे आणि चाकाची भारक्षमता ही पाहावयाची असतात. संवेदक जुळला नाही तर दिवा पेटतो. चाकच जुळले नाही तर ते निखळू शकते.

उपाय

चाके जुळतात, संवेदक जुळत नाहीत, अशा स्थितीत तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग जुन्या चाकांतील संवेदक काढून नव्या चाकांत बसविण्याचा. त्यासाठी टायर रिमवरून उतरवावे लागतात, आणि हे काम करणाऱ्यास संवेदक कोठे आहे हे आधी सांगावे लागते; नाही तर टायर सोडविणारा पोलादी फाळ त्याचा चुरा करतो. झडपेभोवतीचे रबरी कडे, नट आणि झडपेचा गाभा नवीन घालावा. ॲल्युमिनियमच्या झडपेत साधा पितळी गाभा घातल्यास, ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांस खाऊ लागतात आणि गाभा अडकून बसतो. म्हणून निकेलचा मुलामा दिलेलाच गाभा वापरतात. शेवटी चाकाचा तोल पुन्हा साधावा लागतो. हा मार्ग स्वस्त आहे, पण संवेदक आठ-नऊ वर्षांचे झाले असतील तर त्यांचा घट केव्हाही संपेल, आणि तेवढ्यासाठी टायर पुन्हा उतरवावे लागतील.

दुसरा मार्ग आपल्या ट्रकाच्या भागक्रमांकाचे नवे संवेदक घेण्याचा. खर्च अधिक, पण गोंधळ सर्वांत कमी.

तिसरा मार्ग कोऱ्या संवेदकांचा. ह्यांना उपकरणाच्या साह्याने हवी ती संदेश-रचना शिकविता येते. काहींत जुन्या संवेदकाचा ओळखक्रमांकही उतरवून घेता येतो. असे केले म्हणजे हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची अशा दोन्ही संचांचे क्रमांक एकच होतात, आणि चाके बदलल्यावर ओळखीचा विधी करावा लागत नाही. कोरा संवेदक घेतानाही तो आपल्या कंप्रतेवर चालतो, ह्याची खात्री करून घेतलीच पाहिजे.

दिव्यावर चिकटपट्टी लावून तो झाकणे, हा चौथा मार्ग पुष्कळ जण पत्करतात. तो मार्ग नव्हेच. लुकलुकून स्थिर झालेला दिवा आणि हवा कमी झाल्याचा दिवा एकच असतो. तो सतत पेटलेला असला म्हणजे टायर खरोखरच रिकामा होऊ लागेल त्या दिवशी सांगणारे कोणीच उरत नाही. अमेरिकेच्या कायद्याने वाहन-विक्रेत्यांस व दुरुस्तीच्या कारखान्यांस चालू सुरक्षा-यंत्रणा जाणूनबुजून निकामी करण्यास मनाई केली आहे. गिऱ्हाइकाने संवेदकाविना चाके आणली आणि ती बसविल्याने चालू यंत्रणा बंद पडणार असेल, तर कारखान्याने तसे काम करावयाचे नसते. मालकाने स्वतःच्या घरी केलेल्या कामास ही मनाई लागू नाही. पण कायदा लागू नसला तरी टायरचे पदार्थविज्ञान लागू असतेच.

दिव्याला काय कळत नाही

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. संवेदक फक्त मोजतो आणि सांगतो. दाब कमी की पुरेसा, हा निवाडा गाडीचा संगणक करतो, आणि त्याची मर्यादा त्या गाडीच्या मूळ टायरांवरून ठरविलेली असते. समजा, मूळ टायरांसाठी ३५ पौंड दाब सांगितलेला आहे. मग दिवा २६ पौंडांच्या आसपास पेटेल. मालकाने त्यांऐवजी जड मालवाहू जातीचे टायर बसविले, तर तोच भार पेलण्यास त्यांना अधिक दाब लागतो. अशा टायरांत ३० पौंड हवा उरली तर ती धोक्याची ठरू शकते; तरी दिवा गप्प राहील, कारण त्याच्या हिशेबी ३० म्हणजे ठीक. संवेदक जुळले, विधी झाला, दिवा विझला, एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच योग्य नाही.

हवामानाचाही विचार हवा. ३० अंश सेल्सिअसला ३५ पौंड भरलेली हवा शून्य अंशाला सुमारे ३० पौंडांवर येते, आणि उणे २० अंशाला सुमारे २७ पौंडांवर. टायर कोठेही फुटलेला नसतो. वायू थंड झाला की त्याचा दाब घटतो, हा वायूंचा नियमच आहे. उन्हाळ्यात चाके भरून कोठीत ठेवावीत आणि पहिल्या बर्फात काढून लावावीत, तो दिवा पेटावा, ह्यात नवल नाही. अशा वेळी संवेदकास दोष न देता हवा भरावी.

आणखी एक उणीव अशी की हे संदेश उघड्या भाषेत असतात. २०१० साली रटगर्स आणि साउथ कॅरोलायना ह्या विद्यापीठांतील संशोधकांनी सुमारे ४० मीटर अंतरावरून धावत्या गाडीचे असे संदेश ऐकून दाखविले, आणि खोटे संदेश पाठवून दिवाही पेटविला. जे यंत्र अपरिचित संवेदकाचे ऐकत नाही, तेच यंत्र ओळखीचा क्रमांक सांगणाऱ्या तोतयास फसते, हे ह्यावरून दिसून आले.

भारतातही ही यंत्रणा आता अपरिचित राहिलेली नाही. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींत ट्यूबविरहित टायर, दुरुस्तीचा संच आणि टायरदाब-निरीक्षण यंत्रणा असेल, तर जादा चाक बाळगण्याची सक्ती केंद्र सरकारने २०२० साली दूर केली. जादा चाक नसलेल्या गाडीत ह्या इशाऱ्याचे मोल किती वाढते, हे उघड आहे.

चाके बदलू इच्छिणाऱ्याने म्हणून क्रमाने पाच गोष्टी पाहाव्यात : चाक आसावर बसते काय, संवेदकाची कंप्रता जुळते काय, संदेशाची रचना आपल्या गाडीस समजते काय, गाडीस त्याचा ओळखक्रमांक शिकविला आहे काय, आणि नव्या टायरला हवा तो दाब गाडीच्या मर्यादेशी सुसंगत आहे काय. ह्यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणताही दिवा देत नाही. त्यासाठी हाती धरावयाचा साधा दाबमापक घ्यावा आणि महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, चारही टायर तपासावेत. आतला पहारेकरी बोलत असतानादेखील हे काम मालकाचेच आहे.